सूपभर कोंड्याची लेक

आमच्या अप्पांना वंशावळीचं वेड होतं. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत राहणाऱ्या मराठी घरांपैकी निम्मी सरदारांची आणि उरलेली त्यांच्या कारभाऱ्यांची. राजांबरोबर एखादा आचारी, एखादा खोगीर शिवणारा असा कुणी इकडे आलाच नसावा. अप्पांकडे दहा पिढ्यांचा कागद होता. तो मोडीत असल्यामुळे घरात कुणालाच वाचता येत नव्हता, आणि म्हणूनच त्यावर कधी वाद होत नसे. बसस्टँडजवळ लॅमिनेशनचं दुकान निघालं, तसे अप्पा लगेच जाऊन सगळे पूर्वज प्लॅस्टिकमध्ये घालून घेऊन आले. जाणकाराकडून एकदा वाचून घेतला तेव्हा कळलं, त्या कागदावर एकही बाई नाही. सरदारांना सरदारच होत गेले होते, बहुधा परस्पर.

ही नव्वदीनंतरची गोष्ट. आमच्या गल्लीतली मुलं संगणक शिकून अमेरिकेला जायला लागली होती. माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, नवऱ्यामागून तिकडे गेली आणि तिला दिवस गेले. एका रविवारी फोनवर ती एवढंच म्हणाली, "आई, मज भय वाटतंय. तू ये." त्यानंतर आईला दुसरं काही सुचेना. बाळंतपणाआधी तिला तिथे पोचवायचं होतं आणि तिच्याकडे पासपोर्ट नव्हता.

पासपोर्टच्या एजंटानं विचारलं, बाई शाळेत गेल्यात का? नाही? मग जन्माचा दाखला आणा. अप्पांनी प्लॅस्टिकमधले पूर्वज त्याच्यापुढे ठेवले. त्यानं ते दोन्ही बाजूंनी बघितले आणि फार अदबीनं सांगितलं की यावरून साहेबांचा वंश कळतो, बाईसाहेब जन्मल्याचं कळत नाही.

आईचं माहेर कावेरीच्या कालव्याकाठचं एक खेडं. मी मोपेड काढली आणि तालुका कचेरी गाठली. कारकुनानं आजोबांच्या नावावर शोध घेतला. आजोबांची जमीन सापडली, विहीर सापडली, बांधावरची नारळाची झाडंसुद्धा सापडली. मूल मात्र एकही नाही. मुलगी झाली हे सांगायला तेव्हा कोण उन्हात चालत जातंय, असं म्हणून कारकुनानं दप्तर बांधलं. जाताना त्यानं मला चहाही पाजला, म्हणजे आशा नव्हती.

घरी आलो तेव्हा आई केळफूल निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "तिकडे कशास बघितलास? मज विकलेलं नव्हे का? घेतलेल्यांच्या घरात बघ."

विकल्याची कथा आम्हाला पाठ होती. आईच्या आधीची दोन मुलं बाळपणीच गेली होती. असं झालं की तिकडच्या तमिळ घरांत पुढचं मूल जन्मताच कोंड्याच्या मोलानं दुसऱ्याला विकतात. मूल भलत्याचंच झालं म्हणून यम फसतो आणि दुसरीकडे बघतो. आजीनंही तेच केलं. शेजारी भात कांडणारी एक बाई होती, तिनं सूपभर कोंडा दिला आणि आईला मागल्या दारानं घेऊन गेली. बारशाला परत आणून दिलं. आम्ही यावर लहानपणी खूप हसायचो आणि आई चिडली की तिला कोंडा परत देऊ का, असं विचारायचो.

मी पुन्हा कचेरीत गेलो. त्या बाईच्या नवऱ्याच्या नावावर नोंद चटकन सापडली. मुलगी, जिवंत. आईनं सांगितलेला मार्गळी, म्हणजे तमिळ मार्गशीर्ष, महिनाही बरोबर जुळला. आईच्या रकान्यात त्या बाईचं नाव, बापाचा धंदा कूली, म्हणजे रोजमजूर, आणि खबर देणाऱ्याच्या जागी त्याच बाईचा अंगठा. यमानं सरकारी दप्तर तपासलं तर पंचाईत नको, म्हणून तिनं व्यवहार पक्का करून टाकला होता.

अप्पांनी दाखला वाचला आणि जेवायला बसले नाहीत. दहा पिढ्यांच्या सरदारांनी भात कांडणाऱ्या कूलीची मुलगी केली, हे आता सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध झालं होतं. ते वकिलाकडे जाऊन आले. दुरुस्ती होईल, पण तोवर नातू शाळेत जायला लागेल, असं तो म्हणाला. मग अप्पांनी तोडगा काढला. अमेरिकेत नर्सा मिळतात. अक्काला एक नर्स ठेवायला सांगावं. मला त्यांचा इतका राग आला की मी उठून बाहेर गेलो.

परत आलो तेव्हा आई पासपोर्टचा फॉर्म घेऊन माझीच वाट बघत होती. मी भरायला बसलो. आईच्या आईचं नाव लिहायची जागा आली, तशी अप्पांनी खुर्चीतून माझ्या खऱ्या आजीचं नाव सांगितलं.

"ते नोको," आई म्हणाली. "दाखल्यात अहे तेच घाल."

"उद्या कोण्ही विचारलं, तुझी आई कोण, तर काय संगशील?" अप्पा ओरडले.

आईचा आवाज चढला नाही. "माझ्या अगोदर दोन लेकरं आली आणि गेली. आईनं त्यांस दूध दिलं, बानं नांव दिलं, पण ती आली होती म्हणून कोण्ही जाऊन संगितलं नाही. मी जगेन की नाही ठाऊक नव्हतं, तरी ही उन्हांत चालत गेली आणि अंगठा लावून संगून आली, मुलगी अहे, जिवंत अहे. माझी लेक तिकडे भिऊन बसली अहे. लिही तिचं नांव."

मी नाव लिहिलं आणि मला रडू आलं.