विमानाचा पाय

आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्या लेथवाल्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. रिमोटवर उडणाऱ्या माझ्या विमानाचा चाकाचा पाय वाकून वाकून मोडला होता आणि सुटा पाय बाजारात मिळत नव्हता. मी मोडका तुकडा त्याच्यासमोर ठेवला. उरला या कारखान्यांच्या भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस तो. त्याने तुकडा अंगठ्याने दाबला आणि नाक मुरडलं.

"काका, अगदी असाच हवा," मी बजावलं. "विमान आपटलं की हा वाकतो, म्हणून विमान वाचतं."

"हव," मान डोलवत तो म्हणाला, आणि दुप्पट जाड पोलादाचा पाय करून दिला. चकचकीत दिसला म्हणून मीही बसवला. शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीच्या रिकाम्या रस्त्यावर विमान उतरवलं, तर पाय ताठ आणि विमानाचं पोट फाटलेलं.

तुकडे घेऊन दुकानात गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. त्याने पाय उचलला, गमछ्याने पुसला, सपाट पत्र्यावर ठेवला आणि एक डोळा मिटून पाहिला.

"केसभर नाही वाकला."

"वाकायलाच पाहिजे होता. सांगितलं होतं तुम्हाला."

आता तो भडकला. "म्हणजे मी जाणून कच्चं काम करून देऊ? विमान तुमचं कच्चं, अन् मले काहून बोलून राहिले?"

नव्या विमानाला कंपनीचाच पाय आहे. दर रविवारी तो वाकतो, मी पक्कडीने सरळ करतो आणि त्या माणसाला शिव्या घालतो. त्याने केलेला पाय मात्र माझ्याच्याने फेकवत नाही.