भागोजीचा पाय आणि गावाची पालखी

रत्नागिरीच्या कोर्टात मी बरीच वर्षं वकिली केली आणि त्यातली निम्मी अशिलांवर चिडण्यात घालवली. पण भागोजीइतकं मला कोणी चिडवलं नाही. बाकीचे अशील खोटं बोलून वकिलाला गोत्यात आणतात. हा खरं बोलून आणायचा.

चौऱ्याऐंशी साली, पावसाळा सरता सरता तो कुबडी टेकत माझ्या कचेरीत आला. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. हातखंब्याच्या पुढे हमरस्ता सोडून आत उतरलं की त्याचं गाव. चिरेखाणीवर चिरे काढायचा. हद्दीच्या गडग्यावरून चुलतभावाशी भांडण झालं, यानं पहार उचलली, भावाचा हात मोडला आणि याला सक्तमजुरी लागली. त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

"मारला तो मारलाच, साहेब," तो म्हणाला. "तेची शिक्षा भोगून आलो. पन पाय कशापायी घेतलानी?"

त्याला ठेवलं होतं घाटावरच्या एका तुरुंगात. तिथे दगड वाहताना तळपायात गंजका पत्रा घुसला. जखम चिघळली. डॉक्टरला बोलवा म्हणून हा रोज विनवायचा आणि पहारेकरी म्हणायचे, कामचुकार लेकाचा, नाटकं करतोय. डॉक्टर काही फिरकला नाही. यायचा तो कंपाउंडर. गजांतून पांढऱ्या गोळ्या आत द्यायचा आणि चालू लागायचा. पाय काळा पडला, वास मारायला लागला, शेजारचे कैदी ओरडायला लागले, तेव्हा कुठे याला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे पाय कापण्याखेरीज काही उरलं नव्हतं.

ऐकून मी पेटलोच. शिक्षा झाली म्हणून माणसाचा जगण्याचा हक्क काही तुरुंगाच्या फाटकावर जमा करून घेत नाहीत. म्हटलं, "सरकारवर, अधीक्षकावर, डॉक्टरवर, सगळ्यांवर दावा लावू. भरपाई मागू."

"भरपाई मिळाली तर बराच हाय," भागोजी म्हणाला. "पन मला कागुद हवा. पाय डॉक्टरामुळे गेला असा कोर्टाचा कागुद. गावाला दाखवायला."

"गावाचा काय संबंध?"

संबंध होता, आणि तो कळल्यावर मी कपाळाला हात लावला. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर फिरते. अंगणात टेकते, घरची बाई देवीची ओटी भरते, आणि त्या घराचं जे मागणं असेल ते गुरव देवीच्या कानावर घालतो. मुंबईला गिरणीत असलेला माणूस एक वेळ सख्ख्या बहिणीच्या लग्नाला येणार नाही, पण पालखी दारात येणार त्या दिवशी घरी असतोच. भागोजी सुटून आला त्या वर्षी पालखी त्याच्या अंगणाच्या कडेनं पुढे निघून गेली. त्याची बायको मैना ओटीचं ताट घेऊन उभीच राहिली. गावचा मानकरी धाकू याचं म्हणणं असं, की भावावर हात उचलला म्हणून देवीनं याचा पाय कुजवला. आता ज्याच्यावर देवीचा कोप, त्याच्या घरी देवीला न्यायची कशी?

"अरे, देवी कोपत नाही हे ठरवायला मी कोर्टात दावा लावू?" मी ओरडलो.

"देवी कोपते, साहेब," तो मलाच समजावत म्हणाला. "पन ह्या टायमाला तिनं नाय केलान."

आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं! तरी दावा लावला. डॉक्टर तोवर बदलून आमच्याच जिल्ह्यात आला होता, म्हणून रत्नागिरीत लावता आला. कंपाउंडर रावजी निवृत्त होऊन भागोजीच्या शेजारच्याच गावी घरी बसला होता. त्यालाही प्रतिवादी केला. आणि मग सुरू झाल्या तारखा.

सरकारनं जबाब दिला, कैद्यानंच जखमेची हयगय केली. डॉक्टर म्हणाला, मी वेळोवेळी तपासत होतो. अधीक्षक म्हणाले, डॉक्टर म्हणतात ते बरोबर. सरकारी वकिलाकडे कागद आलेले नसत, कागद आले तर सरकारी वकील आलेले नसत, दोघं आले तर न्यायाधीश रजेवर. सरकार म्हणे कैद्याची चूक, गाव म्हणे देवीचा कोप, आणि डॉक्टर दोन्हीकडून मोकळा. दर तारखेला भागोजी पहिल्या एस.टी.नं येऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेला असे. दर शिमग्याला पालखी त्याचं घर वगळून जाई, आणि शिमगा झाला की तो विचारी, "कागुद फुडच्या शिमग्याच्या आत व्हईल ना?" मी त्याच्या अंगावर खेकसत असे. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

माझी सगळी भिस्त रावजी कंपाउंडरवर होती. तो पाय रोज पाहिलेला तो एकटाच. एकदा का साक्षीच्या पिंजऱ्यात आला की उलटतपासात त्याला असा धरीन की डॉक्टरसकट सगळे उघडे पडतील, अशी मी मनात तयारी करून ठेवली होती. प्रश्नसुद्धा पाठ होते.

सत्त्याऐंशीच्या शिमग्यात भागोजी एका सकाळी आला तो हसतच. हातात फडक्यात बांधलेली खोबऱ्याची वाटी. ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, केस काढून घ्या."

मी पेन खाली ठेवलं.

झालं होतं ते असं. रावजीच्या नातवाचा ताप हटेना. कोणीतरी सांगितलं, घराला कोणाचा तरी तळतळाट लागलाय. कोणाचा, हे रावजीला सांगावं लागलं नाही. तो नारळ घेऊन भागोजीच्या गावी, पालखी बसली होती तिथे आला. त्या गावची रीत अशी, की अपराधाचा नारळ नुसता ठेवता येत नाही. आधी अपराध तोंडानं, मोठ्यानं, जमलेल्या सगळ्यांच्या देखत बोलावा लागतो. रावजी बोलला. डॉक्टर फिरकत नव्हता, पाय काळा पडलेला मला दिसत होता, वरच्यांना सांगितलं तर आपल्यावर येईल म्हणून मी गप्प बसलो आणि गोळ्या देत राहिलो. सगळं बोलला आणि रडला.

"आणि तुमचा तो धाकू?"

"खाली बगीत ऱ्हायला. मंग म्हनला, परवा पालखी भागोजीकडं जाईल." भागोजीनं खोबऱ्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "आता कागुद कशाला?"

"रावजीचं काय?"

"तेचा नारळ घेतला ना मी. आता तेच्याशी भांडन कसला?"

ज्या माणसासाठी मी अडीच वर्षं दबा धरून बसलो होतो, तो सगळ्या गावापुढे सगळं कबूल करतो, आणि माझा अशील त्याला नारळावर सोडून येतो! वर मला त्यातलंच खोबरं आणतो! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"अरे गाढवा," मी म्हटलं, "तुझ्या अंगणात पालखी येईल, झालं तुझं! पण त्या बराकीत आत्ता कोणी पाय धरून ओरडत असेल, त्याच्याकडे कोण जाणार? तो डॉक्टर त्याला बघायला जाईल? का तिथेही पालखी पाठवणार आहेस?"

भागोजीचं हसू गेलं. तो कुबडी ओढून उठला. "परवा जेवायला या," एवढंच म्हणाला.

मी जाणार नव्हतो. पण दावा मागे घ्यायचा तर पुरशिशीवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या तशा लेखी निवेदनावर, त्याचा अंगठा हवा होता. चरफडत ती लिहून काढली, खिशात घातली आणि एस.टी. धरली.

अंगण ताजं सारवलेलं होतं. ढोल जवळ आले आणि पालखी खांद्यांवर नाचत आत शिरली. मैना ओटीचं ताट घेऊन पुढे झाली, पण घाईत ताट कललं आणि निम्मे तांदूळ खालीच सांडले. कोणी हसलं नाही. धाकू मानकऱ्यानं वाकून ते स्वतः गोळा केले आणि तिच्या ताटात टाकले. मला त्याचा तेव्हाही राग आला, पण तो टिकेना.

गुरवानं विचारलं, "बोल भागोजी, काय मागना हाय?"

मैनेनं त्याला कोपरानं ढोसलं. घरात मागण्यासारखं पुष्कळ होतं. भागोजीनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"बराकीत माज्या बाजूला सदू म्हनून एक होता," तो म्हणाला. "रातभर खोकायचा, रगत पडायचा. माझा पाय तरी नाकाला कळत व्हता. तेचा कोनाला कळनार? तेच्याकडं डॉक्टर जाऊ दे. एवढाच."

गर्दीच्या कडेला रावजी बसला होता. मान वर न करता तो बोलला, "मी नोकरीतून सुटलो तवा सदू हुताच तिथं. कोन बगीत नव्हता." मग म्हणाला, "हितं बोललो ता मी कोर्टात पन बोलेन."

गुरवानं हात जोडले आणि आवाज चढवला. "आई, तुज्या लेकराचा पाय गेला तो गेला. आता त्या तुरुंगात जे कोन आजारी आसतील तेंच्याकडं डॉक्टर जाऊ दे. ह्या रावजीला हितं बळ दिलंस तसा कोर्टात दे. आनि हा वकील निकाल लागल्याबिगर केस सोडनार नाय, असा कर!"

"व्हय महाराजा!" सगळं अंगण ओरडलं.

मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या नावानं देवीला शब्द देऊन मंडळी मोकळी झाली होती. मी कुठलं देवदेवस्की मानतो! सरकारी वकील, न आलेले कागद, रजेवरचे न्यायाधीश, पुढच्या सगळ्या तारखा माझ्या डोळ्यांपुढे आल्या आणि मी दातओठ खाल्ले. खिशातली पुरशीस मुठीत चुरगळली ती कधी, ते कळलंही नाही. भागोजी कुबडीवर रेलून माझ्याच तोंडाकडे बघत होता.

"व्हय महाराजा," मी म्हटलं.