साडेसहाच्या वर कोणी नाही

या देशात नाच कळणारा माणूस एकच आहे आणि तो जुळे सोलापुरात, माझ्या दारासमोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. हे माझं मत नाही, त्याचंच आहे. मला नाचातलं काही कळत नाही. माझा कडक भाकऱ्यांचा धंदा आहे. सकाळी सहापासून दोन बायकांना हाताशी घेऊन मी भाकऱ्या थापते, वाळवते, पाकिटात भरते, आणि दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी दुसऱ्या कोणाला उड्या मारताना बघण्याची हौस मला उरत नाही. पण सरांच्या समोर राहायचं म्हणजे नाच चुकवता येत नाही. शनिवार-रविवारी टीव्हीवर ती नामवंतांची नाचाची स्पर्धा लागली, की सर स्वतःचं दार सताड उघडतात, ते मिटू नये म्हणून खाली वीट लावतात आणि आवाज वाढवतात. बिल्डिंगला लाभ व्हावा, हा उद्देश.

ती स्पर्धा तुम्ही पाहिली असेल. मालिकेतली एखादी नटी, खेळणं सोडलेला क्रिकेटपटू, टीव्हीवर स्वयंपाक शिकवणारा आचारी, अशा मंडळींना एकेक तयारीचा नाचणारा किंवा नाचणारी जोडीला देतात आणि बॉलरूम नाचायला लावतात. म्हणजे हातात हात, कमरेला हात, गुळगुळीत फरशीवर गिरक्या. समोर तीन परीक्षक बसलेले असतात. एक रडतो, एक टेबलावर चढते, एक काहीच न बोलता दहा गुण देतो. आमचे सर चौथे. त्यांना कोणी नेमलेलं नाही, एवढाच काय तो फरक.

सरांनी मैंदर्गीच्या बाजूला एका शाळेत आयुष्यभर कवायत आणि लेझीम शिकवली. तालुक्यात कुठेही लेझमीची स्पर्धा असो, परीक्षक सर. त्या काळातले पत्र्याचे आकडे, एक ते दहा, प्रत्येकाला खाली लाकडी दांडी, अजून त्यांच्या टीव्हीखाली ओळीने उभे आहेत. चाराचा रंग उडून आतला पत्रा दिसतो. पाचाची दांडी दोनदा बदललीय. सात ते दहा मात्र दुकानातून आजच आणल्यासारखे कोरे. सरांनी हयातीत साडेसहाच्या वर कोणाला दिलेलं नाही, आणि ते साडेसहाही ज्या पथकाला दिले त्याच्या म्होरक्याचं नाव ते अजून हळहळत घेतात. घाईत जास्त गेले, असं त्यांना वाटतं. अर्धा गुण दाखवण्याची त्यांची खास पद्धत आहे. उजव्या हातात आकडा धरायचा आणि डाव्या हाताची करंगळी वर करायची. ही करंगळी ज्याला मिळाली तो भाग्यवान.

बॉलरूमवर सरांचा मूळ आक्षेप शिस्तीचा. जोडीतला गडी डावा पाय पुढे टाकतो तेव्हा समोरची बाई उजवा पाय मागे घेते. समोरासमोर उभं राहून चालायचं तर दुसरं काय करणार? नाहीतर गुडघ्याला गुडघा आपटेल. हे मला भाकऱ्या थापणारीला कळतं. सरांना कळत नव्हतं. "एकाचा डावा, एकाचा उजवा! ही काय कवायत हाय? माज्या पोरांनी असं केलं असतं तर मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या असत्या!" असं म्हणून प्रत्येक जोडीचे दोन गुण नाच सुरू व्हायच्या आतच कापले जात. दुसरा आक्षेप वॉल्ट्झवर. त्या नाचाची मोजणी एक-दोन-तीन, एक-दोन-तीन अशी चालते. सरांचा सगळा जन्म एक-दोन-तीन-चार मध्ये गेलेला. "चौथा कुटं गेला?" ते टीव्हीला विचारायचे. "तिनावर काम सोडून पळतेत की!" एकदा तो क्रिकेटपटू गिरकी घेताना सपशेल आडवा झाला, उठला, पुन्हा नाचला, आणि रडणाऱ्या परीक्षकाने धैर्याबद्दल त्याला दहा दिले. सर उठून उभेच राहिले. "पडल्याबद्दल दहा? माज्या शाळेत पोरं रोज धा-धा घेऊन घरी गेली असती!" त्याच आठवड्यात त्यांनी वाहिनीला सविस्तर पत्र पाठवलं, सोबत सर्व जोड्यांचे सुधारित गुण. उत्तर आलं नाही. सरांच्या मते ते लाजेने आलं नाही.

आता एवढा नाच कळणारा माणूस स्वतः कसा नाचत असेल, असं कोणालाही वाटेल. सर नाचत नाहीत. पुतण्याच्या वरातीत सगळं खानदान रस्त्यावर उतरलं होतं, नवरीचे आजोबासुद्धा, आणि आमचे सर दुभाजकावर उभं राहून गळ्यातली शिट्टी फुंकत रांग सरळ करत होते. मी एकदा तोंडावर विचारलं, "सर, तुम्ही का नाही हो नाचत?" तर म्हणाले, "परीक्षकानं मैदानात उतरायचं नसतंय, ताई." ही सोय चांगली आहे. मलाही कोणी भाकऱ्यांची परीक्षक नेमलं तर मी उद्या तवा विकेन.

गुण फक्त टीव्हीपुरते असते तर मी हे लिहायला बसले नसते. सर सगळ्यालाच गुण देतात. दूधवाल्याने गाडी लावली, चार. खालच्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न ठरलं, जावई पाच, चालताना पाय फेंगडे टाकतो. माझ्या भाकरीला कडेला सहा आणि मध्ये चार असे वेगवेगळे गुण आहेत. माझं चपलांचं कपाट दोन्ही दारांच्या मधल्या पॅसेजमध्ये असतं. त्याला शून्य, कारण ते सामायिक जागेत येतं. "ताई, ते आत घ्या की," असं ते सात वर्षं सांगताहेत आणि मी सात वर्षं हो म्हणते आहे. माझं एक ठीक आहे, मी दार लावून घेऊ शकते. काकूंना दार नव्हतं. काकू म्हणजे सरांची बायको. कर्नाटकच्या हद्दीपलीकडचं माहेर, काही मोजायचं झालं की अजून कानडीतच मोजतात, एरवी फार बोलत नाहीत. त्यांच्या पोळीला, रांगोळीला, साडीच्या निऱ्यांना, पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे धरण्याला त्यांनी चाळीसेक वर्षं चार आणि पाच ऐकलेले. त्यांचं त्यावर एकच उत्तर असायचं, "साक्रि!" म्हणजे पुरे झालं. भाजीला फोडणी द्यावी तितक्याच सहज त्या ते म्हणायच्या, म्हणून ते कोणी ऐकलं नाही. मीही नाही.

गेल्या वर्षी काकूंचा डावा गुडघा बदलला. ऑपरेशन उत्तम झालं. बार्शीची एक चुणचुणीत मुलगी रोज सकाळी व्यायाम करून घ्यायला येऊ लागली. पहिल्या दिवशी काकू वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत गेल्या. घामाने डबडबल्या होत्या, पण गेल्या. मी डबा द्यायला आले होते, मी पाहिलं. दारात पोचून त्यांनी वर बघितलं आणि खुर्चीतून सर म्हणाले, "पाच. मान खाली हाय."

काकू तिथेच स्टुलावर बसल्या.

त्यानंतर पंधरा दिवस हाच प्रकार. सर भाजीला गेले की काकू मुलीबरोबर चालायच्या. जिन्यात सरांच्या चपला वाजल्या की पलंगावर. गुडघा धड वाकेना, धड सरळ होईना. त्या मुलीने मला पॅसेजमध्ये गाठलं. "ताई, हे महिनाभरात नाही सुटलं तर गुडघा तसाच ताठ राहतोय. मग मला काय करता येणार नाही. काकू चालतच न्हाईत ओ, घाबरल्यात." मी आत जाऊन काकूंना सरळ विचारलं. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "त्यांच्यासमोर नको गं बाई. पाय उचलला की आकडा दिसतो मला."

मला राग पटकन येतो आणि तो मी वाया घालवत नाही. सर गॅलरीत पेपर वाचत होते. मी म्हटलं, "सर, काकू लंगड्या राहणार आहेत, आणि गुडघ्यामुळे नाही, तुमच्यामुळे."

"माज्यामुळं? मी काय केलं?"

"पाच दिलेत तुम्ही."

"मग?" ते खरोखरच चकित झाले होते. "पाच कमी हायत का? अवो, त्या हिरॉइनला मी तीन दिलते! हिला पहिल्याच दिवशी पाच दिले, घरचं माणूस म्हणून!"

म्हणजे हे कौतुक होतं. या गृहस्थाने आपल्या परीने बायकोवर फुलं उधळली होती. मला हसूही आलं आणि त्यांच्या डोक्यात चाराचा पत्रा घालावा असंही वाटलं. मी म्हटलं, "त्यांना गुण नकोत, सर. त्यांना संडासापर्यंत एकटीने जायचंय." आणि निघून आले. माझी भाकरी तव्यावर होती.

दुसऱ्या दिवशी टीव्हीखालचे आकडे दिसले नाहीत. ते पलंगाखाली गेले होते, हे मला नंतर कळलं. त्याच आठवड्यात त्या मुलीने वॉकर सोडायला सांगितलं. आता समोर कोणीतरी दोन्ही हात धरून उलटं चालायचं आणि काकूंनी त्याच्याकडे बघत पुढे यायचं. मोजणी तिनाची: आधी धरणारा मागे सरकणार, मग काकूंचा दुखरा पाय पुढे, मग चांगला. ती मुलगी म्हणाली, "मी आता एक दिवसाआड येणार. रोजचं घरच्यांनीच करायचं." घरचं माणूस एकच होतं. मी हात पुढे केला होता, पण काकूंनी मान हलवली. त्या सरांकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीच या. पण तोंड बंद. आणि उलटं तुम्ही चालायचं."

मी माझ्या दारात पिठाच्या हाताने उभी होते. सरांनी गळ्यातली शिट्टी काढली, खिळ्याला अडकवली आणि ते मैदानात, म्हणजे पॅसेजमध्ये, उतरले. काकूंचे हात धरले. काकूंनी दुखरा डावा पाय उचलला. सरांनीही, जन्माची सवय, डावाच मागे घेतला. दोघं एकाच बाजूला कलली, सर भेलकांडत मागे आले आणि माझ्या चपलांच्या कपाटावर आदळले. वरचे दोन जोड खाली पडले. काकूंचा तोल गेला नाही. सरांनी हात सोडले नव्हते.

"उजवा!" काकू म्हणाल्या. "माझा डावा तर तुमचा उजवा! इतकी वर्षं टीव्ही बघताय, एवढं कळत नाही?"

सर खाली पायांकडे बघत, काकूंना धरूनच, स्वतःच्या दाराकडे पाठ करून वळले. मग त्यांनी उजवा मागे घेतला. काकूंचा डावा पुढे आला. सर थांबले, काकूंचा उजवा आला. "ओंदु, येरडु, मूरु," काकू मोजायला लागल्या. "ओंदु, येरडु, मूरु." चौथा कुठे गेला, हे सरांनी विचारलं नाही. बोलायला बंदी होती आणि मागे न बघता मागे जाण्यात त्यांचा घाम निघाला होता. माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत पंधरा-सोळा पावलं असतील. त्यांना किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, पण आतली एक भाकरी करपली. दारात पोचल्यावर काकूंनी श्वास घेतला, नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "चार."

आणि सरांच्या मुठीतल्या आपल्या हाताची करंगळी तेवढी सोडवून वर केली.

सर त्या करंगळीकडे बघत होते. मी चपला उचलून कपाटात ठेवल्या आणि दार लावून घेतलं. काही वेळा दार लावणं हेच शेजारधर्माचं काम असतं.

सर सुधारले असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. यंदा स्पर्धेचा नवा हंगाम सुरू झाला, आकडे पलंगाखालून पुन्हा टीव्हीखाली आले, सात ते दहा अजून कोरेच आहेत. यंदाच्या आचाऱ्याला तीन मिळाले, टेबलावर चढणाऱ्या बाईंना परीक्षक म्हणून दोन. माझी भाकरी कडेला पाचावर घसरली आहे. फक्त डाव्या-उजव्याचे दोन गुण आता कापले जात नाहीत. ते कधी कापले जात होते, हेही त्यांनी कबूल केलेलं नाही. परवा मी डबा द्यायला गेले तर वॉल्ट्झ चालला होता. एक थोराड नट आपल्या जोडीदारणीला घेऊन मागे मागे चालला होता, चेहरा पार ताणलेला. सर पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात किंचित पुढे आणि बोटं कोणाला तरी धरल्यासारखी वळलेली.

"किती दिले हो?" आतून काकूंनी विचारलं.

"थांब की. अजून बघायलोय," सर म्हणाले. आणि मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात, "मागं जायला लई अवघड असतंय, ताई."

काकूंचा गुडघा आता छान चालतो. भाजी आणायला त्या एकट्या जातात, दोन जिने विनाआधार उतरतात. हात धरून चालवण्याची काहीएक गरज राहिलेली नाही. ती बार्शीची मुलगीही केव्हाच यायची थांबली. तरी रोज संध्याकाळी सहा वाजता समोरची कडी वाजते आणि पॅसेजमध्ये कानडीत तीनपर्यंत मोजल्याचा आवाज येतो. मी बाहेर डोकावत नाही. मला कामं असतात.

पण पावणेसहा झाले, की मी चपलांचं कपाट आत ओढून घेते.