पालथा हात

आमच्या धाराशिवच्या ऑफिसच्या इमारतीला कमी वीज वापरल्याबद्दलचे स्टार मिळावेत, अशी वरून फार घाई होती. तपासणीच्या दिवशी मी शहाणपणा केला. सकाळपासून एसी, पंखे, दिवे सगळं बंद. एप्रिलच्या उन्हात माझी माणसं घाम पुसत बसली.

तपासायला आलेला माणूस साठीकडे झुकलेला होता. मीटरकडं तो वळलाच नाही. कुणाचा ताप बघावा तसा त्यानं पश्चिमेच्या भिंतीला पालथा हात लावला आणि बराच वेळ तिथंच ठेवला. मग घामेजलेल्या माणसांकडं बघून म्हणाला, "साहेब, आधी पंखे लावा. स्टार वर्षभराच्या बिलावर मिळतात, आजच्या दिवसावर न्हाय. माणसं गुदमरवून वाचवलेली वीज आमी धरत न्हाय."

मी ओशाळून बटणं दाबली. तोवर तो फायलींच्या कपाटामागं डोकावत होता. कपाट सरकवलं, तर मागं झाडाच्या सावलीतली खिडकी. त्यानं ती उघडली. दुपार असूनही गार झुळूक आत आली.

"अगं बाई, हितं खिडकी होती व्हय?" आमच्या टायपिस्ट बाई म्हणाल्या.

एसी बसवला तेव्हा मीच ती झाकली होती.  कुणी झाकली, ते त्यानं विचारलं नाही. नुसता हसला आणि वहीत काहीतरी लिहून निघून गेला.

स्टार त्या वर्षी मिळाले नाहीत. यंदा पुन्हा तपासणीचं पत्र आलंय. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, त्या दिवशी काहीही बंद करायचं नाही.