वॉरंटीतली सांडगी मिरची

मला गाडी चालवता येत नाही, याला एक मोटार कंपनी जबाबदार आहे. तसा लेखी पुरावा माझ्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलेला आहे.

माझ्या नातीला हे पटत नाही. परवाच लायसन मिळालं तिला. "आजी, कंपन्या असं लिहून देत नाहीत," म्हणाली. तिला काय माहीत! तिच्या आजीनं तिशीत काय काय लिहून घेतलंय!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही नुकतेच वाशीला राहायला आलो होतो. वाशी तेव्हा म्हणजे नव्या कोऱ्या इमारती, मधे मैदानं आणि सगळ्यांवर सारखी पसरलेली धूळ. सावली देणारं झाड म्हणाल तर आमच्या बाल्कनीतली तुळस. अशा ठिकाणी ह्यांनी गाडी घेतली. नंबर लावून अडीच वर्षं वाट पाहिली होती! (आमच्या थोरल्याच्या वेळी नऊच महिने लागले, आणि तेव्हाही हे इतक्या येरझारा घालत नव्हते.)

दसऱ्याला गाडी दारात आली. सासूबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. हे लगेच रुमाल घेऊन धावले. "आई, रंगावर नको! वॉरंटी आहे!"

वॉरंटी! पुढचं वर्षभर आमच्या घरात देवाच्या खालोखाल ह्या शब्दाचा मान होता. गाडीत चप्पल घालून बसायचं नाही. दार आपटायचं नाही. गाडीत दाणासुद्धा खायचा नाही, वॉरंटी! सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक काढायचं नाही. उन्हाळ्यात घाम सुटला की उठताना आमच्यासकट सीट उठायची, तरी नाही. गाडी फक्त रविवारी निघायची. एरवी हे ऑफिसला बसनं जायचे आणि गाडी खाली मैदानात उभी राहून आमच्या श्रीमंतीची जाहिरात करायची.

"अहो, मला शिकवाल ना चालवायला?" मी विचारलं.

"शिकवतो की. पण वॉरंटीचं वर्ष नीट पार पडू दे. गाडी बिनतक्रार राहिली, तर पुढच्या दसऱ्याला किल्ली तुझ्या हातात."

मी इतकी हरखले की त्याच दिवशी गॉगल घेऊन आले. दुसरी किल्ली ह्यांनी देवघरातल्या डबीत ठेवायला दिली. तिला मी रोज गंध लावायची आणि मनातल्या मनात हॉर्न वाजवायची.

मग एप्रिल आला, आणि सासूबाईंना वाळवणाचे वेध लागले. त्या वाईच्या. तिकडं अंगण होतं, ऊन होतं, राखणीला म्हातारी माणसं होती. इथं? गच्चीला सोसायटीच्या सेक्रेटरींचं कुलूप. बाल्कनीत पापड घातले तर पहिल्या दिवशी कावळ्यांनी नेले. दुसऱ्या दिवशी फडकं बांधलं, तर धूळ अशी बसली की पापड तळल्यावर दाताखाली अख्खं बांधकाम आलं.

"तीस वर्षांत माझं वाळवण वाया गेलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. पुढचं बोलल्या नाहीत, पण नजर माझ्याकडे होती.

त्या दुपारी ह्यांची विसरलेली छत्री आणायला मी गाडीचं दार उघडलं आणि आतून अशी धग आली की भुवया शेकून निघाल्या. मी तिथंच उभी राहिले. चारी बाजूंनी काच. कावळा नाही, धूळ नाही, वारा नाही. भट्टीसारखं ऊन. आणि सीटवर कंपनीनं स्वतःच्या हातानं अंथरलेलं स्वच्छ प्लॅस्टिक! वाळवणाला आणखी काय लागतं हो?

दुसऱ्या दिवसापासून, हे साडेआठच्या बसनं गेले की नऊला मी डबीतली किल्ली घेऊन खाली. मागच्या सीटवर पापड. पुढच्या सीटवर सांडगे. आणि काचेखाली, डॅशबोर्डवर, जिथं ऊन सगळ्यात कडक, तिथं मेथी-धणे भरलेल्या सांडग्या मिरच्यांची रांग, मधे मधे उरलेले सांडगे. त्या खडखडीत झाल्यावर वर्षाच्या तिखटाच्या लाल मिरच्या. चारला सगळं गोळा करायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, किल्लीला गंध लावायचं. सासूबाईंना सांगितलं, गच्चीची किल्ली मिळाली. (किल्ली मिळाली होती, हे खरंच होतं!)

वाशीलगतच्या जुहूगावातून मासे विकायला येणारी पार्वतीआई तेवढी साक्षीदार. आमच्याकडे मासे चालत नसत, पण गप्पा चालत. तिनं काचेला नाक लावून आत पाहिलं.

"बाय, गाडीला जेवाया वाडलंस का काय?"

"हळू बोल गं! वाळवण आहे."

"मंग माजी सुकट पन ठेव ना मागच्या डिकीन. जागा हाय!"

तिथं मात्र मी ठाम नकार दिला. वॉरंटीचा मलाही काही आदर होताच.

आता डॅशबोर्डवर काचेच्या कडेला बोट जाईल अशा फटी असतात, आणि त्यांतून आत वाऱ्याचा रस्ता असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रोज मिरच्या वर-खाली करताना एखादं बी, एखादा सांडगा त्यात जात असणार. सांडगे काय कुणी मोजून घालतं?

जूनमध्ये गाडी वाजायला लागली. वळण आलं की पोटातून 'खुळखुळ'. डावीकडे वळलं की डावीकडे, उजवीकडे वळलं की उजवीकडे. ह्यांचा चेहरा, पोराला ताप आल्यासारखा. खाडीपुलापलीकडे कंपनीचं वर्कशॉप होतं, तिथं गाडी नेली. यासीनभाई म्हणून पनवेलकडचे जुने मिस्त्री होते. त्यांनी चक्कर मारली, नटबोल्ट आवळले, पाठवलं. खुळखुळ कायम. दुसऱ्यांदा नेली. त्यांनी चाकं काढली, बघितली, परत लावली. मग हात पुसत म्हणाले,

"साहेब, इंजनला काय नाय झालं. एकदम ओके. पण एक गोष्ट समजत नाय. या गाडीजवळ आलो की भूक का लागते?"

हे हसले. मी हसले नाही. मी गॉगल लावला.

श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. ह्यांचे मोठे साहेब सपत्नीक आले. प्रसाद झाला, आणि बाहेर पाऊस कोसळायला लागला. "बसनं कशाला, साहेब? गाडी आहे ना!" हे म्हणाले. साहेब पुढे, मागे साहेबांच्या बाई आणि सोबतीला मी. काचा बंद. पुलावर चढतो तोच पुढची काच आतून धुरकट झाली. काही दिसेना.

"काळजी नको, साहेब," हे ऐटीत म्हणाले. "या गाडीत त्याची सोय आहे." आणि त्यांनी ब्लोअरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

आतापर्यंत कधी ते इतकं फिरवलं नव्हतं. आधी 'घुर्र' झालं, मग 'खुळखुळ', मग फटींमधून एक लालसर झुळूक आली.

"चांगली सोय आहे हो, पाटणक... आक्छी!" साहेब म्हणाले.

"थँक्यू साह... आक्छी!"

"अगंबाई, माझे डोळे... आक्छी! आक्छी!" साहेबांच्या बाई.

मला तर पहिल्याच शिंकेला कळलं. तो वास मी ओळखणार नाही? माझ्याच हातची लवंगी मिरची होती ती! अख्ख्या खाडीपुलावर चौघंजण शिंकत होतो. गाडी प्रत्येक शिंकेला उडी मारत होती. काचा उघडून पाऊस आत घेतला, तेव्हा कुठं जीव वाचला. पलीकडे उतरल्यावर साहेब डोळे पुसत म्हणाले,

"पाटणकर, हा विषारी वायू आहे! वॉरंटीत आहे ना गाडी? मग सोडू नका. लिहा कंपनीला. ड्राफ्ट मी बघतो!"

झालं. माझं वाळवण आता साहेबांच्या टेबलावर गेलं.

त्या आठवड्यात सांगून टाकायचं मी दोनदा ठरवलं. पण सांगितलं की किल्ली गेली! दसऱ्याला दोन महिनेसुद्धा राहिले नव्हते. तरी एका संध्याकाळी धीर केला.

"अहो, एक बोलायचंय."

"आधी हे ऐक. 'सदर वाहनातून प्रवाशांच्या नाकाडोळ्यांवर विषारी वायूचा मारा होतो.' कसं वाटतं?"

"'विषारी'च्या जागी 'झणझणीत' चालेल का?"

"स्वयंपाकघर नाहीये हे, कंपनी आहे! तुझं काय होतं?"

"काही नाही. चहा टाकू?"

उत्तर आलं! कंपनीचा मोठा इंजिनिअर स्वतः वर्कशॉपमध्ये गाडी उघडून बघणार, आणि दोष कारखान्याचा निघाला तर गाडी बदलून मिळणार. हे हवेत. साहेब म्हणाले, मीही येतो. सासूबाई म्हणाल्या, नवी गाडी मिळणार तर नारळ कोण फोडणार? त्या नारळ, हळदकुंकू आणि लिंबू पिशवीत घेऊन तयार. आणि मी? गणपतीपुढं मी किल्लीसाठी एकवीस मोदक बोलले होते. त्यात आणखी एकवीस वाढवले.

वर्कशॉपमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, जसं काही बारसं आहे. इंजिनिअर पांढऱ्या शर्टातला, गंभीर. यासीनभाईंनी डॅशबोर्ड सोडवला, ब्लोअरचा डबा बाहेर काढला आणि वर्तमानपत्रावर पालथा केला.

आधी बिया पडल्या. वाटीभर. मग सात-आठ सांडगे खुळखुळत आले. आणि शेवटी, डबा आपटल्यावर, देठासकट, बोटभर लांब, एक सांडगी मिरची.

इंजिनिअरनं ती चिमट्यात धरून उजेडात नेली. "हे काय आहे?"

आणि इथं मी तोंड उघडलं. का उघडलं, देव जाणे!

"कारखान्यातल्या कुणाचा तरी डबा सांडला असेल, नाही?"

हे ताडकन उठले. "बरोबर! बघा साहेब! हे लोक गाडी बनवताना जेवतात! मी अडीच वर्षं वाट पाहिलेल्या गाडीवर बसून डबा खातात!"

"लज्जास्पद!" साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले.

इंजिनिअर कानापर्यंत लाल झाला. "आय ॲम सॉरी. असं व्हायला नको होतं. आम्ही गाडी बदलून..."

नवी गाडी! मी डोळे मिटले. मला दसरा दिसत होता, गॉगल दिसत होता, मी एका हातानं स्टिअरिंग फिरवत पुलावरून चाललेय असं दिसत होतं.

"बघू," सासूबाईंचा आवाज आला.

डोळे उघडले तर त्यांनी इंजिनिअरच्या चिमट्यातून मिरची काढून घेतली होती. पदराला पुसली. टोक तोडलं. तोंडात टाकलं. सगळं वर्कशॉप त्यांच्या जबड्याकडे बघत होतं.

"मेथी जास्त झालीय," त्या म्हणाल्या. "आमच्या हिचीच आहे."

यासीनभाईंनी कपाळावर हात मारला. "तरीच भूक लागत होती!"

सगळ्यात आधी साहेब हसले, हे मी मान्य करते, मोठ्या मनाचे होते. मग इंजिनिअर. मग कोपऱ्यातल्या गाडीखाली झोपलेला मिस्त्रीसुद्धा बाहेर येऊन हसला. हसले नाहीत ते फक्त हे. त्यांनी उभ्या उभ्या इंजिनिअरची माफी मागितली, साहेबांची मागितली, मग गाडीकडे बघून एकदा मान खाली घातली. बहुतेक तिचीही मागितली.

"आई, तुम्हाला कसं कळलं?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"दहा वर्षं खातेय तुझ्या हातची मेथी. आणि गच्चीला कुलूप आहे, हे मला दिसत नाही का?" त्यांनी पिशवीतून नारळ काढला. "आणलाय तर फोडूया. गाडी तरी बरी निघाली."

घरी येताना पुलाच्या मधोमध हे पहिल्यांदा बोलले. ब्लोअर साफ झाला होता, खुळखुळ नव्हती, गाडीत इतकी शांतता होती की मला शिंक यावी असं वाटत होतं.

"मेथी खरंच जास्त होती," हे म्हणाले. मग एक हात पुढे केला. "किल्ली."

पुढच्या सर्व्हिसिंगला मी प्रायश्चित्त म्हणून वर्कशॉपला सांडग्या मिरच्यांची एक बरणी पाठवली. (मेथी कमी घालून.) त्या दिवशी आमची गाडी सगळ्यात आधी झाली, आणि वॉरंटीच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर यासीनभाईंनी आपल्या हातानं शेरा लिहून, खाली कंपनीचा गोल शिक्का मारून दिला:

"गाडी एकदम ओके. बाईंना किल्ली देऊ नये."

ह्यांनी ते वचन शेवटपर्यंत पाळलं. पुस्तिका शालूच्या घडीत आहे. काल नातीला काढून दाखवली. ती पोट धरधरून हसली, मग माझ्या गळ्यात पडली. "आजी, मी शिकवते तुला! ही घे माझी किल्ली. कंपनी गेली उडत!"

डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. इतक्या वर्षांनी गाडीची किल्ली हातात! पण पोरीला कसं सांगू, की मी घड्याळात पाहत होते? ती बसनं ऑफिसला जाते, सहाला येते, गाडी मैदानात उन्हात उभी असते, आणि मिरच्या मी आदल्याच रात्री ताकात भिजत घातल्या होत्या.