उद्यासाठी ठेवलेली बाटली

पावसाळा लागला की आमच्या कोकम सरबताची मागणी ओसरते. बाटल्यांचे काम करणाऱ्या दोघींपैकी एकीला कामावरून कमी करणे भाग होते. कोणाला, एवढेच ठरायचे होते. माझ्या केबिनच्या खिडकीपलीकडे सुमनकाकी पुसलेलीच बाटली पुन्हा पुसत होत्या.

"काकी, काच झिजेल हो!" शैला म्हणाली.

"तू लेबलं हळू लाव. मॅडमना आपण रिकाम्या बसलेल्या दिसायला नको."

दोघी हसल्या. रसायनशास्त्राने मला अभिक्रियेचा वेग वाढवायला शिकवले. वेग रोखून धरायलाही एवढी शक्ती खर्ची पडते, हे मात्र मी प्रथमच पाहत होते.

संध्याकाळी शैलाने शेवटची बाटली लेबलाविना बाजूला ठेवली. "उद्याला राहू दे."

ती बाटली उद्या कोणाच्या हाती द्यायची, हे मला अजून ठरवता आलेले नाही.