शहादेवचा पहिला चहा

केजमध्ये मोटार घ्यायला माणूस एकटा कधीच येत नाही. सोबत चुलता येतो, साडू येतो, गावातला एखादा जीपवाला येतो, आणि ज्याला गाडीतलं काडीचं कळत नाही असा एकजण तर हमखास येतो. बॉनेट उघडायला तोच लावतो. शोरूमच्या भिंतीला भिंत लावून माझं सीट कव्हरचं दुकान आहे, त्यामुळे हा तमाशा मी गेली कित्येक वर्षं फुकटात बघतोय.

या गर्दीतून शहादेव नेमका एक माणूस हेरायचा. शहादेव म्हणजे तिथला सेल्समन. शोरूमचा मालक बीडला. केजला नुसतं काउंटर, दारात उभ्या दोन गाड्या आणि शहादेव. मंडळी चपला काढून आत येईपर्यंत त्यानं ताडलेलं असायचं, की यातला ठरवणारा माणूस कोण. पहिला चहा त्याच्या हातात, आणि स्टेअरिंगवरही आधी तोच. बाकीचे बडबडत बसायचे, इकडे सौदा पक्का. एकदा तर पटका बांधलेला रुबाबदार म्हातारा सोडून यानं कोपऱ्यात गप्प बसलेल्या जावयाला चहा दिला. मी मनात म्हटलं, आता गेलं गिऱ्हाईक. संध्याकाळी जावयानंच बुकिंग केलं. तेव्हापासून मी त्याच्याशी पैज लावणं सोडलं.

आणि नुसता गाडी गळ्यात मारणारा माणूस नव्हता तो. नेकनूरच्या पुढे कुणाची गाडी बंद पडली की लोक कंपनीला फोन लावत नसत, शहादेवला लावत. तो जेवता जेवता उचलायचा. कुणाच्या गाडीपुढे नारळ फोडायचा आणि कुणाच्या घरी आधी बुद्धवंदना होऊ द्यायची, मग चावी द्यायची, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वंदनेच्या घरी जाताना तो नारळ शोरूममध्ये ठेवून नुसती फुलं घेऊन जायचा. असा माणूस मोबाईलमध्ये कसा बसवणार, सांगा बरं.

पण बसवायला निघालेत खरे. एका नव्या कंपनीनं विजेवरच्या गाड्या थेट विकायला काढल्या. शोरूम नाही, सेल्समन नाही. फोनवर रंग निवडा, फोनवरच पैसे भरा, गाडी ट्रकवर चढून दारात हजर. आम्ही आधी हसलो. लाखांची वस्तू कुणी न बघता घेतं का? मग केजमध्येही तशा गाड्या दिसायला लागल्या आणि आमचं हसू आटलं. बीडच्या मालकानं शहादेवला स्वच्छ सांगितलं, ‘दिवाळीपर्यंत बघतो. इथून गाड्या निघाल्या तर ठीक, नाहीतर काउंटर बंद. तू पुण्याला कुठं जमतं का बघ.’ घरी आई अंथरुणाला खिळलेली, स्वतः पन्नाशीला टेकलेला. तो कसला जातोय पुण्याला!

त्याची सगळी आशा अंजलीताईंवर होती. त्या धारूरकडच्या आरोग्य केंद्रात परिचारिका आहेत. रोज माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन घाट चढायचा, म्हणून गाडी घ्यायची होती. उन्हाळ्यात त्या धाकट्या भावाला, जीवनला घेऊन शोरूमला येऊन गेल्या होत्या. ‘हे गिऱ्हाईक माझं,’ असं शहादेव मालकाला सांगून बसला होता. आणि दसऱ्याच्या तोंडावर जीवननंच चहाच्या टपरीवर बातमी दिली, की ताईनं फोनवरून विजेची गाडी बुक केली.

शहादेवचा चेहरा मला बघवेना. पण लगेच सावरला. म्हणाला, ‘गाडी कंपनीतून निघेपर्यंत बुकिंग रद्द करता येतं. चल माझ्यासंगं.’ मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो.

अंजलीताई नुकत्याच ड्यूटीवरून घरी आल्या होत्या. शहादेवनं दारातूनच जय भीम केला. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. त्यानं सरळच विषय काढला.

‘ताई, गाडी घाटात बंद पडली तर फोन कुणाला लावणार? त्यांचा मेकॅनिक संभाजीनगरहून येणार. मी हितं हाय, हाकेवर.’

‘ते खरंय,’ ताई म्हणाल्या. ‘त्याची भीती मलाबी वाटती.’

‘किमतीचं म्हनाल तर मी मालकाशी बोलतो. तुमच्यासाठी कमी करतो.’

‘तेच तर नको वाटतं, भाऊ. तुमच्याकडं ओळख असली की भाव कमी हुतो, म्हंजे ज्याची ओळख न्हाई त्यानं जास्त द्यायचा. फोनवर पुढाऱ्याच्या भाच्याला आन मला एकच भाव हाय.’

खरं सांगतो, मला राग आला. एवढा माणूस दारात येऊन विनवतोय आणि ही बाई हिशेबाच्या गोष्टी करतेय. शहादेवला मात्र राग नव्हता. तो म्हणाला, ‘ताई, दुसरं काहीतरी हाय. तुमी शोरूमला आलता तवा गाडी पसंत हुती. मी बघितलं हुतं.’

ताई म्हणाल्या, ‘पसंत हुती. पन तुमी पहिला चहा जीवनला दिला. स्टेअरिंगवर त्यालाच बसवलं. मायलेज त्यालाच सांगितलं. त्याला तर गाडी चालवताबी येत न्हाई, मला सोबत म्हनून आलता तो. आन मला म्हनलात, ताई, तुमी मागं बसून बघा, तुमच्या आईला पाय पसरायला लई जागा हाय. मी बसले मागं. लायसन माझ्या पर्समधी हुतं.’

शहादेव खाली बघत राहिला. आयुष्यभर ज्या नजरेवर तो जगला, ती नजर त्या दिवशी सपशेल चुकली होती, आणि चुकली हे त्याला आत्ता कळत होतं. मला त्याची दया आली.

‘फोननं मला मागं बस म्हनलं न्हाई,’ ताई हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. उलट त्यांनाच वाईट वाटत असावं.

मला वाटलं, आता हा माफी मागेल आणि पुन्हा गळ घालेल. त्यानं तसं केलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, ‘त्या दिवशी मी तुमाला नीट विचारलं असतं, तर घेतली असती?’

‘घेतली असती,’ ताई म्हणाल्या. ‘मी तयारीनंच आलते.’

शहादेव उठला. म्हणाला, ‘ट्रक आला की घाईनं सही करू नका. आधी घरी चार्जिंग लावून बघा, आन मगच ट्रक सोडा.’ दारात त्यानं हात जोडले. बाहेर येऊन मोटारसायकल चालू करायचंही त्याच्या लक्षात आलं नाही. ती ढकलतच तो गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, आणि मी मागून.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मात्र माझा तोल सुटला. मी त्या कंपनीला, त्या मोबाईलला, घरबसल्या गाडी मागवणाऱ्या सगळ्या जगाला शिव्या घातल्या. आता दिवाळीनंतर काउंटर उठणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

शहादेवनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, ‘त्या फोनला कशाला शिव्या देतो रे? गिऱ्हाईक आपल्या दारात आलतं. मीच वापस लावून दिलं.’